नोल्सोयची काडी

बुधवारी हेर्गेइरच्या कपाटातला जुना मॅक मेला.
गुरुवारपासून बिल्ड लिनक्सवर,
आणि लिनक्स एकच लाल ओळ ओकतोय:
फाइल सापडत नाही.

फाइल समोर आहे.
रन्व्हा यादी काढते, नाव वाचते,
पडद्यावर बोट ठेवते: ही काय.
नोल्सोय. ओच्या डोक्यावर तिरकी काडी,
शाळेत शिकवतात तशी, धक्क्यावरच्या फलकावर आहे तशी.
ते बेटसुद्धा खिडकीतून दिसतं, टोर्सहाउनच्या समोर, पाण्यापलीकडे आडवं पडलेलं.
धुकं आलं की दिसत नाही.
पण सापडत नाही, असं इथे कुणी म्हणत नाही.

आधी तिने कंपायलरला दोष दिला.
मग नकाशाच्या लायब्ररीला. ती तीन आवृत्त्या मागे नेली,
तर तिच्यावर विसंबलेली दुसरी रुसली,
दुसरीची समजूत काढायला तिसरी आणली,
तिसरीला हवी होती पहिलीच, पण नवी.
लग्नातले मानपान परवडले.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि संन्यासी तीनशे बारा.

सगळं काढून परत टाक, हेर्गेइर म्हणाला.
हेर्गेइर प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतो.
स्वतःच्या घटस्फोटाच्या वेळीही म्हणाला होता.

शनिवारी वारा इतका की बोट रद्द.
बंदरावरच्या पाटीवर मात्र बुधवारचंच वेळापत्रक,
साडेसातची बोट वेळेवर,
आणि म्हातारी टुरी पिशवी धरून वीस मिनिटं पावसात.
तिने फोन केला नाही, तक्रार केली नाही.
सोमवारी दुकानात भेटली,
म्हणाली, पाटी छान आहे हो तुमची. अक्षरं मोठी आहेत.

त्या रात्री रन्व्हाने नावाचे बाइट मोजले.
कोडमधल्या नावाचे सात.
फाइलच्या नावाचे आठ.

एकात ओ काडीसकट जन्मलेला.
दुसऱ्यात आधी साधा ओ,
मग मागून येऊन त्याच्या डोक्यावर चढलेली काडी.
डोळ्यांना फरक नाही. कागदावर छापला तरी नाही.
मॅक भिडस्त, दोघांना एकच मानून घेतो.
लिनक्स मोजून घेतो. सात म्हणजे सात.

काडी कुणी टाकली, तेही कळलं.
ट्रोंडुरने. टुरीच्या मुलाने.
चार वर्षांपूर्वी पहिलं वेळापत्रक त्याने केलं,
फाइलला आपल्या बेटाचं नाव दिलं,
आणि गेला उत्तरेला, सॅमन माशांचे पिंजरे राखायला.

तिने फोन लावला. मागे इंजिनची घरघर.
काडी? मी तर नेहमीसारखीच दाबली, तो म्हणाला,
आधी काडी, मग ओ.
म्हणजे बोटांनी एक क्रम दिला, मशीनने उलटा ठेवला,
आणि चार वर्षं कुणाचं काही अडलं नाही.
मग तो जरा थांबून म्हणाला,
आई परवा भिजली म्हणे.
हो.
काही बोलली?
अक्षरं मोठी आहेत म्हणाली.
इंजिन बराच वेळ चालू राहिलं.

काडीच उडवून टाक, हेर्गेइरचा निरोप आला,
साधा ओ ठेव, कोण बघतंय, एका मिनिटाचं काम.
तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर धुकं, फक्त धुकं.
तिने अकरा ओळी लिहिल्या:
नाव कसंही जन्मलेलं असो,
आधी एकसंध करून घ्या,
मग हाक मारा.

सव्वाचारला हिरवी खूण उमटली.
बंदरावर, कुणी बघत नसताना, पाटी बदलली.
रन्व्हाने कोट घातला, दिवा मालवला,
आणि दाराशी पोचल्यावर, उगाच,
तिकीटघरातल्या विंडोजसाठीही एकदा चालवून पाहिलं.

कोट काढला.