थंड इंजिन

पाथर्डी फाट्यावर उभी आहे ती,
काळी, रुंद खांद्यांची, टर्बोवाली.
मालक म्हणतो, "कसारा चौथ्या गियरात चढते."

आठवडाभर अंबडच्या गॅरेजांतून
एकच विचारत फिरलो: या मॉडेलचं दुखणं काय?
कुणी म्हणालं टायमिंग चेन,
कुणी इंजेक्टर,
एक जण नुसताच हसला, हात पुसत.

भिकन मिस्त्रींनी चावी मागितलीच नाही.
बॉनेटवर तळहात ठेवला,
तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"आपण यायच्या आधीच फिरवून आणलीय.
गरम इंजिन गोड बोलतं.
उद्या पहाटे येऊ."

आज सहा वाजता
बॉनेटवर दव.
मालक चावी फिरवतो
आणि पहिले तीन सेकंद
तोही ऐकतो,
श्वास रोखून,
आमच्यासारखाच.