शेवटची बॅटरी

गावाचं नाव शेला.
आमच्या भाषेत शेला अंगावर घेतात,
इथे तो रात्री साडेबाराला थंडीत मागे सोडून
पिकअपच्या हौद्यात उभे राहिलो अकरा जण
एकमेकांच्या जाकिटांना धरून.
मक्याची शेतं गेली, मग नुसती कुत्र्यांची भुंक.

वेन्सेस्लाओनं माणसं मोजली, बॅटऱ्या मोजल्या,
म्हणाला, डोंगर वरच्या बाजूला आहे,
चुकायचं काही कारण नाही.
मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं
आणि एल्विराला शेपटाला ठेवलं.

एल्विरा साकालशोत, वय एकोणीस.
सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे चालायचं,
एवढंच तिचं काम.
पुढे जायचं नाही, सुस्कारा सोडायचा नाही,
"आता आलंच" असं खोटं बोलायचं नाही.
हे शेवटचं वेन्सेस्लाओनं शिकवलेलं नाही,
तिचं तिनं ठरवलेलं.

वर बॅटऱ्यांची माळ वळणं घेत चढत गेली,
दहाच्या सात झाल्या,
मग धुकं.
मी वीस पावलं मोजायची, थांबायची,
मग पंधरा,
मग मोजणंही चढ वाटायला लागलं.
तिनं थर्मासमधली पातळ गोड कॉफी दिली
आणि माझी धाप बसेपर्यंत
बुटाच्या टोकानं राख उकरत राहिली.

तीनच्या सुमारास एक म्हातारी आम्हाला ओलांडून गेली.
पाठीवर ग्लॅडिओलसचा भारा, मेणबत्त्यांची पिशवी,
पायात प्लास्टिकच्या चपला.
किचे भाषेत एल्विराला काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या.
काय म्हणाली?
म्हणाली, डोंगराला सांगते तुम्ही येताय म्हणून,
तुमचं ताट झाकून ठेवायला सांगते.

उजाडलं ते आमच्याशिवाय.
वरून आरडाओरडा ऐकू आला, शिट्ट्या,
कुणीतरी कुणाच्या तरी नावानं ओरडत होतं.
मी दगडावर बसकण मारली.
माझ्यामुळे तुझाही हुकला, म्हणाले,
माझ्या तुटक्या स्पॅनिशमध्ये, जे तिचंही शाळेतलंच.
ती म्हणाली, दोन वर्षं झाली,
कामावर असताना मी तो माथ्यावरून कधीच पाहिलेला नाही.
कुणीतरी शेवटचं असतंच.
पण तो खाली येतो ना.
परवा त्या पडक्या झाडाशी भेटला,
एकदा तर पार खाली, गुरांच्या कुंपणापाशी.

आणि आला.
आधी पाइनच्या शेंड्यांवर, मग खोडांवरून
एकेक फांदी चाचपत उतरत,
शेवाळावर जरासा रेंगाळून
तिच्या टोपीवर, कानावर,
माझ्या सुजलेल्या बोटांवर.
त्याला काही घाई नव्हती.
आमच्यासारखाच, फक्त उलट दिशेनं.

माथ्यावर पोचलो तेव्हा फोटो उरकले होते.
चंदेरी पत्र्यासारख्या चादरी गुंडाळून
पोरं डुलक्या काढत होती.
म्हातारी खडकाच्या आडोशाला धूप घालत होती,
तिनं ओळख दाखवली नाही. तिचं काम चाललं होतं.

पलीकडच्या अंगाला, खूप खाली,
याच डोंगराच्या कुशीतून फुटलेला धाकटा,
सांतियागितो.
राखाडी ढेकूळ, गप्प.
मग एकदम फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा धूर फुगत वर आला,
आणि आवाज, उशिरा,
दूरच्या घाटात ट्रक उलटल्यासारखा.
सगळे फोन काढून कडेला धावले.
ज्वालामुखीकडे असं वरून, खाली वाकून पाहायचं
मला ठाऊकच नव्हतं.

एल्विरा धुराकडे पाहत नव्हती.
तो कुठे झुकतो ते पाहत होती.
तिनंही फोन काढला, पण कानाला लावला.
तिकडे, कॉफीच्या मळ्याखाली,
तिच्या आईनं पहाटेच चादरी वाळत घातल्या असणार.
घे ना आई, उचल,
असं ती पुटपुटत होती, किंवा तसंच काही,
कुठल्याही भाषेत कळेल असं.

माझ्या कपाळावरची बॅटरी
एवढ्या उन्हात अजून चालूच होती.
बोलता बोलताच तिनं हात लांबवला
आणि ती बंद केली.