पंचम किंचित कमी

महिन्याचे चौदा दिवस मी कंपनीची.
उरलेले, म्हणजे कागदावर उरलेले, पियानोंचे.
वीस तारखेला ड्यूटीचा तक्ता येतो,
तो फ्रिजला चिकटवते
आणि फोन करत सुटते:
एलिंगसेनबाई, मंगळवार नाही जमत, गुरुवारी येऊ?
शाळेचा पियानो मेपर्यंत थांबेल ना?
थांबतो. पियानो थांबतात.
फक्त थांबल्या थांबल्या उतरत जातात,
रोज थोडे,
कुणाला कळू नये इतके.

बूडोच्या विमानतळावर तपासणीला आर्वे असला
की बॅगेतून माझा स्वरकाटा बाहेर निघतो.
काय आहे ते त्याला पाठ आहे. तरी काढतो.
मी काटा गुडघ्यावर आपटते,
त्याच्या निळ्या ट्रेवर टेकवते
आणि ट्रे गुणगुणू लागतो.
मागे कॉड माशाचा खोका धरून उभा असलेला म्हातारा
कानावरची टोपी वर सरकवतो.
‘जा आता,’ आर्वे म्हणतो, ‘रांग थांबलीय तुझ्यापायी.’

एकोणचाळीस आसनं, दोन पंखे.
चढाई संपली की सिव्हर्ट आपला हात मागे घेतो;
हे काम माझं, हे न बोलता ठरलंय.
फेरे जुळले नाहीत तर केबिनभर एक लाट हिंडते,
वाँव, वाँव, वाँव.
यंत्रालाही जमतं हे, पण ते जुनं, अंदाजपंचे करतं.
लिव्हर केसभर मागे. लाट लांबते.
आणखी अर्धा केस.
मग रुंद, सपाट घरघर,
जिच्यावर माणसं मान टाकून झोपू शकतात.

लेक्नेसला एलिंगसेनबाईंच्या बैठकीतही हेच.
एका स्वराच्या तीन तारा,
दोघींच्या मध्ये फेल्ट खुपसून त्यांना गप्प करायचं,
किल्ली केसभर.
एवढंच असतं तर सोपं होतं.
पण शुद्ध पंचमामागून शुद्ध पंचम लावत गेलं
तर बाराव्यानंतर वर्तुळ मिटत नाही,
एक कण जास्त होतो.
तो कुठेतरी ठेवावा लागतो.
एका जागी ठेवला तर तिथे लांडगा ओरडतो,
म्हणून बाराही पंचमांना किंचित कमी करायचं,
प्रत्येकाला थोडं खोटं.
मग कुठल्याही पट्टीत वाजवा.

आईच्या मते मी एक ना धड.

यंदाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले,
डाव्या कानानं वरचं वरचं सोडून द्यायला सुरुवात केलीय.
विमानाला चालेल.
दुसऱ्या कशाला चालेल का, ते त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत एलिंगसेनबाईंचे कार्स्टेन गेले.
शनिवारी प्रार्थनाघरात निरोप होता,
मी शुक्रवारी पियानो उघडला,
मधले सूर लागले, खालचे लागले,
आणि फोन.
रोस्टरवाली विग्डिस: कॅप्टन आजारी आहे,
तू राखीव आहेस ना आज?
होते. विसरले होते, पण होते.
वरची दोन सप्तकं तशीच टाकून निघाले,
फेल्टची पट्टी तारांतच राहिली.
संध्याकाळी चार हजार फुटांवरून
त्या बेटावरचा एकेक दिवा दिसत होता
आणि माझे पंखे अगदी जुळलेले होते.

एप्रिलमध्ये गेले, माफी घोळवत.
बाईंनी वॉफल पुढे केलं, वर तपकिरी चीज.
‘वरचं आम्ही वाजवलंच नाही,’ त्या म्हणाल्या.
‘कार्स्टेनला तसंही खालचंच ऐकू यायचं,
तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी.’
मी किल्ली काढली.
त्यांनी झाकणावर हात ठेवला.
‘ती दोन सप्तकं राहू देत अशीच
थोडे दिवस.’

पट्टी तेवढी परत घेतली.
साडेतीनला रिपोर्टिंग होतं.