मांडवाखालची हरळी

जानेवारीत व्याही पहिल्यांदा मुरारच्या घरी आले.
ग्वाल्हेरचं धुकं, दहा वाजले तरी फाटकाशी उभं.
त्यांनी अंगण बघितलं, मग माझ्याकडे:
"लॉन गेलेलं दिसतंय."
भुशाच्या रंगाचं, पायाखाली करकरणारं.
मी काय सांगणार? चहा पुढे केला.

हरविलास कुशवाह मात्र उकिडवा बसला,
एक कांडी उपटून नखानं सोलली.
आत पांढरी, ओलसर.
"दूब है, बाईसाब. मरती नहीं, रूठती है."
व्याह्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

आमच्याकडे, म्हणजे चार पिढ्यांपूर्वी सुटलेल्या साताऱ्याकडे,
शेतकरी हिला शिव्या घालतात.
मुळ्या वेचून बांधावर जाळतात,
एक पेर मातीत राहिलं की पुन्हा तेच.
मी हरळी म्हणते, हरविलास दूब,
गणपतीपुढे गेली की दूर्वा,
आणि नर्सरीच्या पावतीवर 'सिलेक्शन वन', चौरस फुटाला अमुक.

होळीनंतर यंत्राची पाती पार खाली घेऊन
आम्ही तिला भादरली.
शेजारच्या मोघेवहिनी कुंपणावरून ओरडल्या,
"अहो, लग्नघर आहे!"
मग मूठमूठ युरिया, लगेच पाणी,
आणि त्यानंतर पाणी रोज नाही.
हे मी ऋजुताच्या वेळी शिकायला हवं होतं:
रोज शिंपडलं की मुळं वरच लाडावून बसतात.
चार दिवस तहान लागू दे,
मग वीतभर खोल भिजव.

अक्षय्यतृतीयेला मांडव. बारा बाय सोळाचं स्टेज,
त्यावर हिरवा गालिचा.
खरं हिरवं फोटोत कमी पडतं म्हणे.
पाच दिवस ना ऊन, ना पाणी.
स्टेज निघालं तेव्हा खाली फिकट चौकोन,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा वळ.
आचाऱ्यानं तेल ओतलं तिथे काळा डाग, तो वेगळाच.

ऋजुता जबलपूरला.
फोन रोज, मग दिवसाआड.

मे. सत्तेचाळीस अंश. दुपारभर लू.
गुलाबांनी माना टाकल्या,
मोगऱ्याचं पान चुरलं तर पापडासारखं.
हिला मात्र आत्ता कुठे बरं वाटायला लागलेलं.
चौकोनाच्या चारी कडांनी धुमारे सुटले,
पेरापेराला मुळी, मुळीमुळीला घाई.
मी सकाळी काडी रोवायची: काल इथवर.
आज बोटाची दोन पेरं पुढे.
(कडुलिंबाखाली ती जात नाही, सावली सोसत नाही तिला.
तिथे मी खुर्ची टाकते.)
आठवड्यातून दोनदा कापणी, नुसती शेंडी.
एकदम बुडापासून कापलं तर रुसते, सांगून ठेवते.

नऊ जूनला काडी रोवायला जागाच उरली नाही.
तेलाचा डाग सोडून सगळं एकसारखं.
अंतरपाटाच्या अलीकडे ती उभी होती, ते कुठे?
फाटकापासून पावलं मोजली.
चौदा. परत मोजली, सोळा.
हरविलास कात्री घेऊन आला,
"किनारी काटनी पड़ेगी, क्यारी में घुस रही है."

झेंडूच्या वाफ्यात खरंच तीन धुमारे.
खुरपं घेऊन मी बसले, दोन निघाले.
तिसरा ओढला, तर अर्धा हातात आला,
अर्धा आत तुटून राहिला.

हरविलासला सांगितलं नाही.