उत्पन्नाचा रकाना

लॉटरीत माझा नंबर लागला त्या दुपारी
मी अकरा नंबरच्या सळीचं वजन करत होते.
विक्रोळी, कन्नमवार नगर, अल्प उत्पन्न गट,
तीनशे बावीस चौरस फूट.
हुजैफा म्हणाला, पेढे काढ.
मी म्हटलं थांब, दशांश लिहून घेते.

माझं काम असं:
काँक्रीटच्या ठोकळ्यांत सळ्या पुरायच्या,
ठोकळे मिठाच्या पाण्यात बुडवायचे
आणि गंज चढायची वाट पाहायची.
इथली खारी हवा वीस वर्षांत जे करते
ते माझ्या टबात एकशे चाळीस दिवसांत होतं.
या वाट पाहण्याचे मला पैसे मिळतात,
तेही वाट पाहायला लावून.
चार महिने काहीच नाही, मग एखाद्या मंगळवारी
चारही महिने एकदम,
तोवर मेसवाल्या काकींच्या वहीत
माझं पान भरून मागच्या बाजूला गेलेलं.

बँकेत पिंपुटकर साहेबांनी स्टेटमेंटवरून पेन फिरवलं.
"हे वेतन नाही."
"विद्यावेतन आहे."
"तेच म्हणतोय मी."
माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, बिस्किटासकट.
पगाराची स्लिप, फॉर्म सोळा, पीएफचा नंबर,
माझ्याकडे यातलं काही नव्हतं.
गाइडबाईंचं पत्र होतं: प्रगती समाधानकारक.
त्यांनी ते दोनदा वाचलं, मग उलटून पाहिलं.
मागे काही लिहिलेलं नव्हतं.

तहसीलदाराच्या दाखल्यावर हेच पैसे उत्पन्न,
म्हणून तर त्या गटात बसले मी.
आयकरवाल्यांच्या लेखी ते उत्पन्न नाही.
घरमालकाच्या लेखी आहे, दर एक तारखेला.
मामाच्या लेखी मी एकतिसाव्या वर्षीही
अजून शिकतेच आहे.

मग आई आली.
महापालिकेच्या शाळेत शिपाई, भांडुप, सकाळपाळी,
घंटा तिच्या हातात.
पिशवीतून तिने स्लिपा काढल्या,
तेवीस वर्षांच्या, सालवार, रबरबँड लावलेल्या.
साहेब खुर्चीत सरळ झाले.
अर्जदार: शालन भिकाजी मोंडकर.
सहअर्जदार मी.
माझ्या उत्पन्नाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली.
पट्टी घेऊन मारली.

"बाईंच्या निवृत्तीला सहा वर्षं. मुदत तेवढीच धरावी लागेल."
हप्ता आईच्या पगाराच्या गळ्यापर्यंत आला.
उरलेलं पीएफमधून, आणि पाटल्यांमधून,
ज्यांचं नाव कुणी काढलं नाही.
"आणि ही नोकरीला लागली की?" आईने विचारलं.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही.
मी टेबलाच्या काचेखालची
कुणाच्या तरी मुलीची बालवाडीतली फोटोपट्टी बघत बसले.

रविवारी घर बघायला गेलो.
जुनी इमारत, चौथा मजला, कुणीतरी सोडलेलं.
भिंतीवर उंचीच्या खुणा, पेन्सिलीच्या,
तन्मय, तन्मय, तन्मय, मग काहीच नाही.
आई खिडक्या उघडून वारा मोजत होती.
मी रुपया काढला आणि मोरीवरच्या तुळईवर ठोकला.
टण. टण.
टण.
बद्द.

बद्द म्हणजे आत सळी फुगलीय,
काँक्रीट तिला सोडून चाललंय.
पाच वर्षं हा आवाज ऐकतेय मी,
झोपेत ऐकला तरी ओळखेन.
"काय झालं गं?"
सांगितलं. लपवता आलं असतं,
पण माझ्या अख्ख्या विद्येचं वेतन तेवढंच होतं, त्या घटकेला.

आईने रुपया माझ्या हातून घेतला.
स्टुलावर चढली, स्वतः ठोकला, कान लावला,
घंटेला तडा गेलाय का बघावं तशी.
बराच वेळ.
"किती काढेल?"
"पंधरा. नीट डागडुजी केली तर पंचवीस."
"सहा काढेल ना?"
"सहा काढेल."
"झालं तर मग," म्हणाली, आणि खाली उतरली.
रुपया कनवटीला लावला.
परत दिला नाही.