सकाळचा खर्ज

ओझुर्गेतीच्या बंद पडलेल्या चहा-कारखान्यात
जिथे पानं सुकायची त्या खोलीत
आम्ही भिंतींना रजया ठोकल्या आहेत.
वास अजून आहे. हेडफोन काढला की येतो.

गाणं एवढंसं:
नदीपलीकडच्या माणसाला हाक मारायची,
जेवायला ये.
बाकीच्या कडव्यांत जेवायला काय आहे ते.

तीन आवाज, तीन पेन्सिली.
मकवालाला लाल, चाल तिची.
वर ओतिया, निळा.
खाली बाद्री, साधं शिसं,
कारण सगळ्यात जास्त वेळा खोडावा लागतो तो खर्ज.

पहिल्या खर्ड्यात मी तिघांना चिकटून चालवलं,
गोड, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून,
लग्नातल्या फोटोसारखं.
बाद्रीनं कागद पाहिला. तो मिनीबस चालवतो,
बोलतोही तसाच, मागे न बघता:
"यातला कोण कुठल्या काठावर आहे?"

घरी येऊन सगळी निळी ओळ खोडली.
ओतिया आता पलीकडे.
त्याचा सूर दीड मात्रा उशिरा येतो,
पाण्यावरून यायला लागेल तेवढा वेळ,
आणि येतो तो मकवालाच्या सुराला खेटून,
मध्ये नखही शिरणार नाही इतका.
कानाला खुपतो. खुपू दे.
गोड हाकेला कोण उठतंय?

मग 'ये'.
'ये'वर चाल चढते, आणि मकवालाच्या गळ्यावर
दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनची रेघ आहे,
आडवी, दोऱ्याएवढी.
लागतो की सूर, ती म्हणते.
लागतो. दहातून चारदा.
तेंगो मशीनमागून म्हणाला, त्या चारातला एक उचलतो,
सगळीकडे चिकटवतो, कुण्णाला कळायचं नाही.
मकवालानं त्याच्याकडे असं पाहिलं
जसे त्यानं तिला दुसऱ्या कुणाचे दात देऊ केलेत.

पट्टी उतरवली. अर्धा सूर. आणखी अर्धा.
तिचा 'ये' मोकळा झाला.
पण गाण्यातलं ओझं उतरत नाही, खांदा बदलतो फक्त.
तिचे ते दोन अर्धे जाऊन बसले
बाद्रीच्या मानगुटीवर:
जिथे त्याचा आवाज संपून नुसती हवा उरते
तिथे मी त्याला आठ मात्रा उभा करून ठेवला होता.

तो काही बोलला नाही.
दोन दिवसांनी फोन:
"उठल्या उठल्या असतो तो सूर माझ्याकडे.
नंतर चहा प्यायलो,
सुट्ट्या पैशांवरून कुणाशी वाजलं, की गेला."

म्हणून पहाटे पाच.
मकवाला तीनलाच उठली, नवरा जागा होऊ नये म्हणून
तोंड मिटून, उशीत,
एकेक पायरी गळा वर आणत बसली.
आणि बाद्री कुणाशी एक शब्द न बोलता आला,
झोप ओंजळीत धरून आणावी तसा.
एकाच माइकभोवती
दोन तास जागा असलेला एक आवाज
आणि अजून उठायचा असलेला एक.
ओतियाला मी दूर उभं केलं, दाराजवळ, खरोखरच पलीकडे.

तिसरा टेक ठेवला.
त्यात खुर्ची करकरते. त्यात ओतिया
शब्दाच्या ऐन मध्ये श्वास घेतो,
जिथे मी खूण केलीच नव्हती.
नंतर हळूच केली,
जणू माझंच डोकं.

"झालं?" बाद्रीनं विचारलं,
आणि त्याचा आवाज तेव्हाच वर आलेला होता,
रोजचा, भाडं मागणारा.
मकवालानं फडकं सोडलं: मक्याची भाकरी,
चीज, थोडे अक्रोड.
तो तारा गुंडाळत होता तिकडे, खोलीच्या त्या टोकाला.
ये, ती म्हणाली.

न चढता. खालीच, सपाट, किंचित घाईत.

मी लाल पेन्सिल शोधायला लागले.