तरफा

अब्बांनी एकदम उठायचं नाही.
आधी कुशीवर, मग पाय खाली,
मग शंभर आकडे,
मग भिंत.

गेल्या मंगळवारी भिंतीआधी जमीन आली.
तुणाचा भुसा कपाळाला
आणि तोंडात अर्धी राहिलेली शिवी.

मिरजेतच दवाखाना, गल्ली ओलांडली की.
बाईंनी आडवं करून दाब मोजला,
उभं करून पुन्हा.
तीन मिनिटांत एकशे चाळीसचे नव्वद,
आणि नाडी अठ्ठ्याण्णववरून हललीसुद्धा नाही.

“माणूस उभा राहिला की रक्त पायांकडं उतरतं.
मानेतल्या नळीत पहारेकरी असतात, ते ओरडतात.
मग रक्तवाहिन्या आवळतात, काळीज पळतं,
आपल्याला कुणी विचारत नाही.
दस्तगीरभाई, तुमचे पहारेकरी ओरडतायत.
निरोप नेणाऱ्या तारा झडल्यात. साखरेनं.”

“तारा? कुठल्या?”

बाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं.
मधे मणक्यांचा दांडा, दोन्ही अंगांना गाठींची माळ,
छातीपासून कमरेपर्यंत. ही अनुकंपी.
दुसरीचा उगम वेगळा,
थोडी कवटीतून खाली, थोडी पार तळातून, माकडहाडाच्या वरून.
एक म्हणते पळ. एक म्हणते जेव, पड जरा.

अब्बांनी कागद उभा धरला. मग आडवा.
“ही तर सतार.
कडेला खुंट्या, वर मेरू, खाली लंगोट.
छेडायच्या सात, त्या हाताच्या ताब्यात.
त्यांच्याखाली तेरा तरफेच्या.
त्यांना कुणी हात लावत नाही.
वर सूर खरा लागला की त्या आपल्या आपण.”

रात्री मी शब्द फोडून पाहिला.
अनु. कंप.
ज्यानं हे नाव ठेवलं
त्याच्या घरात वाद्य असणार.

आता कळतं, जेवताना त्यांच्या कपाळावर घाम का फुटतो
आणि मे महिन्यात तळपाय कोरडे का.
सकाळची भाकरी संध्याकाळपर्यंत पोटात का बसून राहते.
श्वास घेतला की नाडी थोडी चढते, सोडला की उतरते,
सगळ्यांची.
अब्बांची ती मींड गेली.
काळीज मोकळं सोडलं तर शंभराच्या घरात धावतं म्हणे;
कवटीतून उतरणारी एक भटकी तार
त्याला जन्मभर लगाम लावून असते.
इतकी वर्षं कुणी तिचं नाव घेतलं होतं?

अम्मी गेली त्या रात्री अब्बा रडले नाहीत.
लोक बोलले.
मी पाहिलं होतं, तोंडाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटलेली,
हात बर्फ, बुबुळं एवढी मोठी.
वरच्या सात गप्प होत्या. बाकी सगळं वाजत होतं.

जवारी अजून तेच घासतात.
कानशीचा हात तसाच, केसभर इकडं, केसभर तिकडं.
तरफा मिळवायला मला बसवतात
आणि चुकलं की खोकतात.
मिठाचं पाणी पितात, पायांत घट्ट मोजे घालतात,
मोजे शिवणाऱ्याचा उद्धार करतात.

पहाटे पलंगाच्या काठावर ते बसतात, मी मोजते.
बाजूला उभी असते, हात लावत नाही.
चौऱ्याण्णवला घाई करतात,
म्हणे गिऱ्हाईक यायचं आहे धारवाडचं.
“सहा राहिले, अब्बा.”
अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

ते उभे राहतात.
त्यांची नाडी जागच्या जागी.
पळते ती माझी.